आपली मूल्ये ओळखायची कशी, आणि आपल्याला कामाला लावते ते काय?

समास (धागाकर्ता)

नमस्कार. स्वतःची मूल्ये ओळखण्याचा जो उपाय सर्वत्र सांगितला जातो, तो साधारण असा असतो: पन्नास-साठ शब्दांची यादी समोर ठेवायची, त्यातले मनाला भावणारे दहा निवडायचे, दहाचे पाच करायचे आणि ते पाच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायचे. या उपायावर माझा फारसा विश्वास नाही आणि तो का नाही, हे मांडण्यासाठीच हा धागा काढला आहे. यादीतला प्रत्येक शब्द चांगलाच असतो. प्रामाणिकपणा, कुटुंब, स्वातंत्र्य, न्याय यांच्यापुढे बरोबरची खूण करताना आपल्या पदरचे काहीच जात नाही, त्यामुळे जवळजवळ सगळेच तिथे खूण करतात आणि शेवटी चांगल्या माणसाविषयीची सर्वमान्य कल्पना तेवढी हाती लागते.

ही अडचण अभ्यासकांच्या लक्षात फार पूर्वी आली होती. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मिल्टन रोकिच यांनी मूल्यांची जी चाचणी प्रचारात आणली, तिच्यात आयुष्यात काय साधायचे याविषयीची १८ आणि कसे वागायचे याविषयीची १८, अशी ३६ मूल्ये होती. परंतु त्यांतली आवडती निवडा असे न सांगता दोन्ही गटांतल्या मूल्यांना पहिल्यापासून अठराव्यापर्यंत क्रम लावायला सांगितले जाई. क्रम लावायचा म्हटले की कशाला तरी खाली ढकलावेच लागते. राजकीय विचारसरणींमधला भेदसुद्धा स्वातंत्र्य आणि समता या दोहोंना कोण किती वर ठेवतो यावरून बराचसा उलगडता येतो, असे रोकिच यांनी १९७३ मध्ये मांडले होते. दोन्ही मूल्ये सगळ्यांनाच मान्य असतात, भांडण असते ते क्रमाचे.

त्यापुढचे पाऊल शलोम श्वार्ट्झ यांनी १९९२ मध्ये टाकले. वीस देशांतल्या माहितीच्या आधारे त्यांनी दहा मूलभूत मूल्ये एका वर्तुळात मांडून दाखवली. स्वयंनिर्णय, नावीन्याची ओढ, सुखोपभोग, कर्तृत्व, सत्ता, सुरक्षितता, रीतीला धरून वागणे, परंपरा, जवळच्यांचे हित आणि सर्वांचे हित अशी ती दहा आहेत. शेजारची मूल्ये एकमेकांना पूरक असतात, समोरासमोरची एकमेकांना ओढून धरतात. स्वयंनिर्णयाच्या विरुद्ध बाजूला सुरक्षितता आणि परंपरा येतात, तर कर्तृत्व आणि सत्ता यांच्या समोर इतरांच्या हिताची मूल्ये येतात. पुढे २०१२ मध्ये याच वर्तुळाचे १९ बारीक भाग पाडले गेले, पण मूळ कल्पना तीच राहिली.

यावरून माझे म्हणणे एवढेच आहे की, मूल्य कळते ते दोन चांगल्या गोष्टींची टक्कर होऊन त्यांतली एक सोडावी लागते तेव्हा. चांगले आणि वाईट यांतून चांगले निवडले, तर त्यातून आपल्याविषयी फारसे काही कळत नाही. मित्राच्या लिखाणावर त्याने मत मागितले असता खरे सांगून त्याला दुखावायचे की त्याचा उत्साह टिकवायचा, अशा जागी सत्य आणि जिव्हाळा यांचा आपल्यापुरता क्रम उघडा पडतो. म्हणून यादी बाजूला ठेवावी आणि मागे वळून अशा टकरी शोधाव्यात, असे मला वाटते. त्याखेरीज आणखी दोन ठिकाणी पाहण्यासारखे असते. इतरांच्या कोणत्या वागण्याचा आपल्याला प्रमाणाबाहेर राग येतो हे एक, आणि कोणाचा मनातल्या मनात हेवा वाटतो हे दुसरे. हेव्याला आपण उगाच बदनाम केले आहे. ज्याचा हेवा वाटतो त्याच्याकडचे नेमके काय हवेसे वाटते, हे विचारले तर तो बरीच माहिती देतो. एखाद्या श्रीमंत ओळखीच्या व्यक्तीचा हेवा पैशांचा नसून दुपारी तीन वाजता ती कोणाला न विचारता बाहेर पडू शकते याचा आहे, असेही निघू शकते.

आपण हे कसे करता, आणि या पद्धतीत काय राहून जाते आहे, हे वाचायला आवडेल.

तळटीप

धागा आवडला, पण मुख्य मुद्द्याशी माझा मतभेद आहे. आपण जे वागलो तेच आपले मूल्य, असे म्हणताना वागण्यामागची परिस्थिती हिशेबात घेतली नाही, तर निष्कर्ष चुकतो आणि कित्येकदा तो अन्याय्यही ठरतो. घरातल्या आजारी माणसाला सोडून जाता येत नाही म्हणून जिने बढतीची बदली नाकारली, तिचे मूल्य कुटुंब आहे आणि कर्तृत्व नाही, असे बाहेरचा माणूस सहज म्हणून जाईल. तिला विचारले तर ती म्हणेल की पर्यायच नव्हता. जिथे पर्याय नसतो तिथे निवड नसते, आणि निवड नसेल तर मूल्याचा पुरावा कसा मिळणार?

प्रिन्स्टनच्या धर्मशिक्षण संस्थेतल्या विद्यार्थ्यांवर जॉन डार्ली आणि डॅनियल बॅट्सन यांनी केलेला १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग या संदर्भात मला महत्त्वाचा वाटतो. विद्यार्थ्यांना एक छोटे भाषण देण्यासाठी दुसऱ्या इमारतीत पाठवले गेले, आणि वाटेत दारापाशी एक माणूस खोकत, कण्हत बसलेला असेल अशी व्यवस्था केली गेली. ज्यांना घाई नव्हती त्यांच्यापैकी ६३ टक्के विद्यार्थी मदतीला थांबले. ज्यांना उशीर झाल्याचे सांगितले होते त्यांच्यापैकी केवळ १० टक्के थांबले. त्यातल्या काहींचा भाषणाचा विषय तर वाटेत पडलेल्या जखमी माणसाला मदत करणाऱ्या परोपकारी वाटसरूची बायबलमधली गोष्ट हाच होता, आणि त्याने लक्षणीय फरक पडला नाही. या विद्यार्थ्यांना परोपकाराचे मूल्यच नव्हते, असे म्हणणे मला पटत नाही. घाईने त्या मूल्याला डोके वर काढू दिले नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते. तेव्हा मागचे निर्णय तपासताना त्या वेळी हातात वेळ किती होता, झोप झाली होती का, डोक्यावर कोणाची टांगती तलवार होती का, हे प्रश्न आधी विचारावेत आणि मूल्यांकडे नंतर वळावे.

शेवंती

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, परंतु दोघांनीही प्रेरणेचा प्रश्न बाजूला ठेवला आहे. एकच कृती दोन माणसे संपूर्ण वेगळ्या कारणांनी करत असतात, आणि एकच माणूस तीच कृती दोन वर्षांच्या अंतराने वेगळ्या कारणाने करू लागतो.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या स्वयंनिर्णयाच्या सिद्धान्तात याची चांगली उतरंड मांडलेली आहे. सर्वांत बाहेर बक्षीस किंवा शिक्षा यांच्यापोटी केलेली कृती असते. त्याच्या आतल्या पायरीवर बाहेरचे कोणी पाहत नसते, पण केले नाही तर अपराधी वाटेल किंवा स्वतःच्या नजरेत उतरू, या भीतीने माणूस कामाला लागतो. त्याच्या आत, हे महत्त्वाचे आहे असे स्वतःला पटले म्हणून केलेली कृती येते. त्यापुढे ते पटणे आपल्या इतर मूल्यांशी जुळून स्वभावाचा भाग होते. आणि अगदी गाभ्याशी निव्वळ आवडीपोटी केलेली कृती असते. आपली फसगत होते ती दुसऱ्या पायरीवर. आवाज आतून येतो म्हणून तो आपलाच आहे असे वाटते, पण नीट ऐकले तर ते कुणा शिक्षकांचे, आईवडिलांचे किंवा मोठ्या भावंडाचे वाक्य असते, त्यांच्याच शब्दांत आणि त्यांच्याच सुरात.

माझ्याच बाबतीतले सांगते. सुट्टीच्या दिवशी काही मुलांना शिकवण्याचे काम मी बराच काळ करत आहे, आणि समाजाचे ऋण हे माझे पहिल्या क्रमांकाचे मूल्य आहे असे मी कोणालाही सांगितले असते. एकदा सकाळी वर्ग रद्द झाल्याचा निरोप आला आणि मला इतके हलके वाटले की त्या हलकेपणाचीच मला काळजी वाटू लागली. दमणूक हे कारण नव्हते, कारण मोकळ्या झालेल्या त्या वेळात मी त्याच मुलांसाठी गणिताची कोडी तयार करत बसले आणि दुपारचे जेवण विसरले. म्हणजे शिकवण्याची सामग्री घडवण्यात मला रस होता, मुलांविषयी आस्थाही होती. नकोसे होते ते दर आठवड्याला हजेरी लावून आपण चांगल्या आहोत हे सिद्ध करणे. मूल्य तेच राहिले, पण त्याला जोडलेले काम मी बदलून घेतले.

तेव्हा समास यांच्या पद्धतीला माझी पुरवणी अशी: ठरलेले काम अचानक रद्द झाल्यावर काय वाटते, ते टिपून ठेवावे. चुटपुट लागली तर एक अर्थ, सुटल्यासारखे वाटले तर दुसरा.

बक्षिसांविषयीही एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. डेसी यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली होती. त्यांच्यातल्या एका गटाला मधल्या सत्रात प्रत्येक कोड्यामागे एक डॉलर मिळाला. पुढच्या सत्रात पैसे बंद झाल्यावर, मोकळ्या वेळात त्या गटाचे कोड्यांकडे वळणे कमी झाले. दोन वर्षांनी मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी बालवाडीतल्या मुलांच्या चित्रकलेबाबत असेच पाहिले, फक्त तिथे एक बारकावा सापडला: प्रशस्तिपत्र मिळणार हे आधी सांगितलेल्या मुलांचीच आवड घटली, अनपेक्षितपणे मिळालेल्यांची घटली नाही. आपल्याला काय आवडते हे शोधताना म्हणूनच सावध राहावे लागते, कारण ज्या कामाचे बरीच वर्षे पैसे किंवा गुण मिळत आले, त्याची मूळ गोडी किती होती हे आता आठवणीतून काढणे अवघड होऊन बसते.

अर्धविराम

चर्चा उत्तम चालली आहे, त्यात थोडे विरजण घालतो. आपण का वागलो हे आपल्याला कळते, असे सगळ्यांनी गृहीत धरले आहे. रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन यांनी १९७७ च्या निबंधात वर्णन केलेल्या एका प्रयोगात लोकांसमोर मोज्यांच्या चार जोड्या ओळीने मांडून सर्वांत चांगली निवडायला सांगितले होते. जोड्या तंतोतंत सारख्या होत्या. तरी सर्वांत उजवीकडची जोडी सर्वांत डावीकडच्या जोडीच्या जवळजवळ चौपट वेळा निवडली गेली, आणि कारण विचारल्यावर लोकांनी विणकामाचे, पोताचे गुण सांगितले. जागेमुळे निवडली असे आपणहून कोणीही म्हटले नाही. मोज्यांबाबत ही गत असेल, तर नोकरी का सोडली किंवा लग्न का केले, याची जी बांधेसूद कारणे आपण वहीत लिहिणार आहोत, त्यांची काय कथा?

डेव्हिड मॅक्लेलंड यांनी तर माणसाच्या प्रेरणा दोन थरांच्या मानल्या. एक थर आपण विचारल्यावर सांगतो तो, आणि दुसरा चित्रे दाखवून त्यांवर गोष्टी रचायला सांगितल्या की त्या गोष्टींतून डोकावतो तो. कर्तृत्वाची, माणसांच्या सहवासाची आणि प्रभाव गाजवण्याची अशा तीन ओढी त्यांनी प्रामुख्याने अभ्यासल्या. हे दोन थर एकमेकांशी फारसे जुळत नाहीत, आणि कोणी सांगितलेले नसताना माणूस वर्षानुवर्षे कशाकडे वळतो याचा अंदाज दुसऱ्या थरावरून अधिक चांगला येतो, असे त्यांचे आणि सहकाऱ्यांचे प्रतिपादन होते. माझी सूचना साधी आहे: आपल्याला बराच काळ जवळून पाहणाऱ्या दोघा-तिघांना विचारावे की, मी कशावर बोलताना थांबत नाही आणि कोणत्या कामाची टाळाटाळ करतो. उत्तर बहुधा आवडणार नाही, पण वहीपेक्षा ते खरे असण्याची शक्यता अधिक आहे.

समास

तिन्ही प्रतिसादांबद्दल आभार. तळटीप यांचा आक्षेप मला मान्य आहे, तथापि त्यातून पद्धत बाद होत नाही, तिला एक चाळणी लागते. ज्या निर्णयात खरोखर दुसरा रस्ता उघडा होता, तेवढेच निर्णय घ्यावेत. उदाहरणातल्या त्या व्यक्तीबाबत बदली नाकारणे हा पुरावा नाही, हे खरे. पण बदली नाकारल्यानंतर जो थोडा मोकळा वेळ तिच्याकडे उरला तो तिने कशात घातला, हा पुरावा निश्चितच आहे. अडचणीच्या आयुष्यातही अशा फटी असतात आणि त्यांतून बरेच दिसते.

अर्धविराम यांनी कारणांविषयी शंका घेतली आहे. म्हणूनच मी वहीत कारणे लिहीत नाही. निर्णय काय होता, त्यासाठी काय सोडले, सोडताना कोणती भावना होती आणि कोणालाही कधीही कळू न देता तोच निर्णय घेता आला असता तर तो तसाच घेतला असता का, एवढेच लिहितो. शेवटचा प्रश्न सर्वांत उपयोगी ठरतो, कारण लोकांच्या नजरेसाठी केलेले त्यात लगेच वेगळे पडते. असे पुरेसे निर्णय जमले की आपण कशाची किंमत वारंवार मोजली आहे ते दिसू लागते.

आणखी एक घोटाळा मात्र टाळायला हवा. ध्येय पूर्ण होते आणि संपते. मूल्य संपत नाही. पदवी मिळवणे हे ध्येय आहे, शिकत राहणे हे मूल्य. स्टीव्हन हेज यांच्या उपचारपद्धतीत मूल्याला दिशेची उपमा दिली जाते: पश्चिमेकडे कितीही चाललो तरी पश्चिमेला पोहोचलो असे कधी होत नाही. ज्यांना मोठे ध्येय गाठल्यावर पोकळी जाणवते, त्यांची ध्येये स्पष्ट असतात पण त्यांच्यामागची दिशा तपासलेली नसते, असे मी पाहिले आहे.

कोरी_पाटी

सर्वांचे वाचले, शिकायला मिळाले. माझा प्रश्न प्रत्यक्षातला आहे. सध्याची नोकरी स्थिर आहे, पण प्रत्येक मसुदा वरिष्ठांकडून तीन-तीनदा परत येतो, आणि अखेरीस त्यात बदल होतो तो बहुतेकदा एखाद्या स्वल्पविरामाचा किंवा ‘तसेच’च्या जागी ‘शिवाय’ असा. दुसरीकडे स्वतंत्रपणे काम करण्याची संधी चालून आली आहे, जिथे मिळकतीची खात्री नाही. माझ्या यादीत स्वयंनिर्णय आणि सुरक्षितता दोन्ही पहिल्या तिनात आहेत, आणि श्वार्ट्झ यांच्या वर्तुळात ती समोरासमोर असल्याचे वाचून अधिकच गोंधळ झाला. यादी चुकली आहे का?

शेवंती

यादी चुकलेली नाही. समोरासमोरची मूल्ये एकाच माणसाकडे असू शकतात. फक्त दोन्ही एकाच निर्णयातून पूर्ण होणे अवघड असते, एवढाच त्या वर्तुळाचा अर्थ आहे. परंतु त्याआधी एक तपासून पाहा. फ्रेडरिक हर्झबर्ग आणि सहकाऱ्यांनी पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे २०० अभियंत्यांच्या आणि लेखापालांच्या मुलाखतींवर आधारलेला अभ्यास १९५९ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात असे दिसले की कामात असमाधान निर्माण करणाऱ्या गोष्टी आणि समाधान देणाऱ्या गोष्टी वेगवेगळ्या असतात. देखरेखीची पद्धत, धोरणे, वेतन यांचा जाच होतो. तो दूर झाला तर जाच जातो, पण त्यामुळे काम आवडू लागत नाही. आवड वाढते ती जबाबदारी, कौतुक आणि प्रत्यक्ष कामाचे स्वरूप यांनी.

तेव्हा स्वतःला असे विचारा: उद्या वरिष्ठ बदलले आणि मसुदा पहिल्याच फेरीत मंजूर होऊ लागला, तर स्वतंत्र कामाची ओढ तेवढीच राहील का? राहणार असेल तर ते स्वयंनिर्णयाचे मूल्य आहे. ओसरणार असेल, तर तुम्हाला स्वल्पविरामांचा जाच होतो आहे, आणि त्यासाठी आयुष्याची दिशा बदलण्याची गरज नाही; विभाग बदलला तरी पुरे.

अर्धविराम

हर्झबर्ग यांच्यावरचा नेहमीचा आक्षेपही इथे सांगायला हवा: चांगल्या प्रसंगांचे श्रेय स्वतःच्या कामाला आणि वाईट प्रसंगांचा दोष आसपासच्यांना देणे हा माणसाचा स्वभावच आहे, त्यामुळे मुलाखतींतून असे दोन गट निघणे साहजिक होते. शेवंती यांनी सुचवलेला प्रश्न तरीही चांगला आहे.

कोरी_पाटी

वरिष्ठ बदलले असे धरून चालले, तर ओढ कमी होते पण जात नाही. विचार करताना असे लक्षात आले की, मसुदा परत आल्याचा राग मला नेहमी येत नाही. विषय मी स्वतः सुचवलेला असेल तेव्हाच येतो. वरून आलेल्या विषयावरचा मसुदा दहा वेळा परत आला तरी मी शांतपणे दुरुस्त करून देतो. याचा अर्थ कसा लावावा?

समास

माझ्या मते ही या धाग्यातली सर्वांत उपयोगाची नोंद आहे. विषय ठरवण्याचा अधिकार तुम्हाला हवा आहे. कामाच्या वेळा, जागा किंवा मिळकतीची पद्धत ठरवण्याचा अधिकार त्या मानाने तितका महत्त्वाचा दिसत नाही. स्वयंनिर्णय हे फार मोठे नाव झाले, तुमचा त्यातला भाग बराच नेमका आहे. स्वतंत्र कामात विषय बहुधा ग्राहक ठरवतो, हे होकार देण्याआधी लक्षात घ्यावे. आहे त्या जागी विषय सुचवण्याचा वाटा वाढवून मागता येतो का, हे आधी पाहून घेणे श्रेयस्कर.

तळटीप

सहमत, एक पुस्ती जोडतो. त्यांनी मागितले आणि नकार मिळाला, तर त्या नकारानंतर किती दिवसांत ते नवीन काम शोधू लागतात किंवा शोधतच नाहीत, यावरून सुरक्षिततेचा क्रम त्यांना आपोआप कळेल. मात्र घरची जबाबदारी असेल, तर त्या उत्तरातही परिस्थितीचा वाटा वेगळा काढावा लागेल, आणि तो नेमका किती हे ठरवण्याची खात्रीची रीत अजून या धाग्यावर कोणी सांगितलेली नाही. माझ्याकडेही ती नाही. कोणाकडे असल्यास लिहावे.

कोरी_पाटी

पुढच्या आढावा बैठकीत विषयांचा मुद्दा काढतो आहे. काय झाले ते इथेच कळवेन.